झोळीतले व्याही

मुलीच्या बापानं नवऱ्या मुलाच्या बापाला बेडूक करून झोळीत घालावं आणि रानोमाळ हिंडवावं, असा प्रसंग बारामती तालुक्यात माझ्याआधी कुणावर आला असेल असं मला वाटत नाही. आला असल्यास त्या गृहस्थांनी मला जरूर भेटावं. माझं नाव राम, मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि जेवणाच्या सुट्टीत जागेवरच सापडतो.

दोष पोरांचा. आमची श्रेया आणि पळसदेवचा राजवर्धन दोघंही पुण्याला नोकरी करतात आणि रविवारी टोळक्यानं टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. लढाया तोंडानंच करायच्या. आपला बेत साधला की फसला, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. श्रेया या खेळात चेटकीण व्हायची. चेटकिणीला एक सोबतीचं जनावर असतं, त्याला हे लोक फॅमिलिअर म्हणतात. ते साधं पाळलेलं जनावर नव्हे. त्याला लागलं की तिला दुखतं, ती घाबरली की त्याच्या अंगावर काटा येतो. तर राजवर्धन हा माझ्या मुलीचं मांजर होता. दोन वर्षं तो तिच्या खांद्यावर बसला आणि त्यातून हे लग्न ठरलं.

मला हे कळल्यावर मी दोन दिवस दिसेल त्या मांजराकडं निरखून बघत होतो. माझी बायको स्वरूपा जास्त व्यवहारी. ती म्हणाली, "मांजर तर मांजर. बागायत किती आहे ते विचारा."

बागायत भरपूर निघाली. राजवर्धनचे वडील विजयसिंहराव म्हणजे उजनीच्या पाण्याकडेला ऊस, गावच्या सोसायटीचं चेअरमनपद भूषवलेलं आणि आवाज असा की मोटार चालू असताना पलीकडच्या बांधावरचा गडी ओ देतो. मी लगेच बैठक ठरवायला निघालो, तर दोघा पोरांनी अट घातली. बैठकीत दोन्हीकडची माणसं एकमेकांशी गोड गोड खोटं बोलतात, म्हणून बैठक नको. त्याऐवजी दोन्ही घरांनी एका टेबलावर बसून हा खेळ खेळायचा. खेळात माणूस खरा कळतो. मग साखरपुड्याची तारीख.

मला वाटलं, विजयसिंहराव हे ऐकून काठीच काढतील. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तलवार हाय का त्यात?" आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग येतो आमी."

पहिल्या रविवारी ते आमच्या फ्लॅटवर आले. बरोबर त्यांच्या पत्नी सारजाबाई. गोष्ट श्रेया सांगणार होती. कोणी काय व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि माझा घात तिथंच झाला. स्वरूपाला कुऱ्हाडवाली योद्धा मिळाली. सारजाबाईंना चोर मिळाला, राजवर्धनला वैदू. मला चेटकीण मिळाली. आणि विजयसिंहरावांच्या हातात जी चिठ्ठी आली ती त्यांनी लांब धरून, जवळ धरून वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, "चेटकिणीचा बेडूक."

मी ताबडतोब चिठ्ठी बदलून द्यायला तयार झालो. मी बेडूक होतो, उंदीर होतो, म्हणाल ते होतो, असं मी म्हणालो. तसा मी मुलीचा बाप असल्यामुळे माझी मानसिक तयारी तिकडेच होती. पण श्रेयानं बदलू दिलं नाही.

विजयसिंहरावांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि ते म्हणाले, "बेडूक झालो तर झालो, पर नाव नीट पायजे. सुभानराव."

आता माझी अवस्था बघा. आमच्याकडं मुलाच्या बापाला आधी खुर्ची, आधी पाणी, आधी पान. तो बसल्याशिवाय मुलीच्या बापानं बसायचं नाही, तो हसल्याशिवाय हसायचं नाही. आणि खेळाचा नियम असा की बेडूक चेटकिणीच्या झोळीत राहतो आणि तिनं हुकूम सोडल्यावरच उडी मारतो. मी हुकूम सोडायचा आणि तोही व्याह्यांना.

पहिल्याच वळणावर दरोडेखोर आडवे आले. श्रेया म्हणाली, "बाबा, बेडकाला सांगा, त्यांच्या म्होरक्याच्या तोंडावर उडी मारायला."

मी खुर्चीतून अर्धवट उठून म्हणालो, "सुभानराव, आपल्याला त्रास होणार नसेल, आणि आपली इच्छा असेल, तर आपण जरा पुढे होता का?"

"तुमी म्हणाल तसं," विजयसिंहराव म्हणाले.

"नाही, म्हणजे आपली मर्जी."

"आमची कसली मर्जी, आमी झोळीत."

"झोळीत काही गैरसोय तर नाही ना?"

तेवढ्यात दरोडेखोरांनी स्वरूपाला खाली पाडलं. ती अजूनही म्हणते की त्या दिवशी तिचा खांदा दुखत होता.

श्रेयानं बेडूक आणि चेटकीण यांच्यातला बंध मोजायला वाटीभर शेंगदाणे ठेवले होते. चेटकीण बेडकाशी खोटं बोलली की एक शेंगदाणा उचलायचा. विजयसिंहराव उडी मारताना फासा वाईट पडला आणि ते गटारात पडले. मी म्हणालो, "वा, काय सुंदर उडी." श्रेयानं शेंगदाणा उचलला. संध्याकाळपर्यंत वाटीचा तळ दिसायला लागला होता. त्यातले काही सारजाबाईंनी खाल्ले, पण त्या चोर असल्यामुळे त्यांना कुणी बोलू शकत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. घरी जाताना विजयसिंहरावांचे डोळे चमकत होते. मीसुद्धा रात्री स्वरूपाला म्हणालो, की दरोडेखोरांना डावीकडून घेरलं असतं तर बेत जमला असता. ती म्हणाली, तिनं तेच ठरवलं होतं, पण मी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला.

दुसऱ्या रविवारी आम्ही जुन्या विहिरीत उतरलो. खेळात हो. तळाला खजिना, आणि खजिन्यावर एक भला मोठा पाणसाप. श्रेयानं खिडक्या लावून दिवा मालवला आणि अशा आवाजात वर्णन केलं की मी पाय खुर्चीवर घेतले. सापानं स्वरूपाला विळखा घातला. राजवर्धन बेशुद्ध. सारजाबाई खजिना भरण्यात गुंतलेल्या. सापाच्या डोळ्यावर उडी मारू शकेल असा एकच जीव शिल्लक होता, आणि तो माझ्या हुकुमाची वाट बघत होता. मला काय झालं कुणास ठाऊक. कॉलेजची तीस वर्षांची नोकरी, मुलीचं लग्न, सगळं विसरून मी टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, "अरे उडी मार की बेडक्या, बसलायस काय!"

स्वरूपानं माझ्याकडं असं पाहिलं की विळखा बरा वाटावा. मी होणाऱ्या जावयादेखत, विहीणबाईंदेखत, माजी चेअरमनना बेडक्या म्हणालो होतो. मी उठलो. हात जोडले. "माफी असावी, जीभ घसरली, आपण वडीलधारे," असं बरंच काही बोललो. कमरेत वाकलो. पेढे आणायला आत गेलो, पेढे नव्हते, साखर घेऊन आलो.

मी परत येईपर्यंत श्रेयानं हिशेब सांगितला. वेळ संपली होती. "सापानं बेडकाला गिळलं," ती म्हणाली.

विजयसिंहराव उठले. टोपी घातली. "येतो आमी," म्हणाले. चहा गॅसवर होता, तोही त्यांनी घेतला नाही. पळसदेवचा माणूस चहा न घेता उठतो तेव्हा प्रकरण कुठवर गेलंय ते मी सांगायला नको.

त्यानंतर फोन नाही. राजवर्धननं श्रेयाला सांगितलं, की आबा कुणाशी बोलत नाहीत, नुसते पाण्याकडं बघत बसतात. साखरपुड्याचं कुणी नाव काढेना. श्रेया सुट्टी टाकून घरीच राहिली. ती मला एका शब्दानं बोलली नाही, उलट ताटातली भाकरी चिवडत मला म्हणायची, "बाबा, तुमची चूक नाहीये." त्यानं मला जास्तच लागायचं. आपल्या एका ओरडण्यानं पोरीचं ठरलेलं लग्न मोडतंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दीपकराव सल्ला द्यायला आले. ते नेहमी येतात. मागे आमची पाण्याची टाकी गळली तेव्हाही त्यांनी आधी सल्ला दिला आणि मग प्लंबरचा नंबर. सगळं ऐकून ते म्हणाले, "हे मानाचं प्रकरण आहे. मानाचं प्रकरण मानानंच मिटतं. शाल, श्रीफळ, फेटा, वर टॉवेल-टोपी. गावात जा, चारचौघांत सत्कार करा. माणूस कितीही चिडलेला असू द्या, सत्काराला नाही म्हणत नाही." फेटा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर बांधून तयारच करून दिला. त्यांचं डोकं लहान आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रजेचं वेगळंच. परीक्षेचे दिवस. साहेबांनी कारण विचारलं. सांगणार काय? चेटकीण असताना बेडकाला अपशब्द वापरल्याबद्दल दिलगिरी, असं कारण रजेच्या नियमात बसत नाही. मी "कौटुंबिक" म्हणालो. साहेबांनी परत येताना भिगवणहून मासळी आणायच्या बोलीवर रजा मंजूर केली.

आम्ही तिघं पळसदेवला पोचलो तेव्हा विजयसिंहराव ओसरीच्या कडेला पाय सोडून बसले होते. दाढी वाढलेली. मागे त्यांच्या मातोश्री तानूबाई खाटेवर. राजवर्धन पुण्याहून आलेला होता. आमची गाडी बघून भावकीतली पाच-सहा माणसंही येऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, बरं झालं, चारचौघं आहेत.

मी शाल उलगडली. घसा साफ केला. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालन माझ्याकडं असतं, त्यामुळे सुरुवात जोरकस झाली. "आदरणीय विजयसिंहराव, गेल्या रविवारी माझ्या तोंडून..."

"हे कशाला आणलंय?" त्यांनी विचारलं.

"आपला मान. मी आपल्याला बेडक्या म्हणालो."

"मग? मी बेडूकच व्हतो की."

पुढचं भाषण या उत्तरावर बेतलेलं नव्हतं.

विजयसिंहराव उठले आणि त्यांचा आवाज मोटारीवर गेला. "पाव्हणं, तुमी जवा वराडला, तवा मला म्हंजी असं वाटलं, आता खरा हुकूम आला. मी पाय उचलला व्हता. डोळ्यावरच बसणार व्हतो. आन् बघतोय तर चेटकीण हात जोडून उभी. साप फूटभरावर, आन् चेटकीण साखर आणाय आत गेली. गिळलं मला. आज आठ दिस झालं, मी सापाच्या पोटात हाय. एक फोन न्हाय. सुभानराव, जित्ता हाईस का मेलास, एका शब्दानं इचारलं न्हाय. आन् आता शाल घिऊन आलाय."

सारजाबाई दारातून म्हणाल्या, "रोज हेच चाललंय. ताट वाढलं की म्हणत्यात, सापाच्या पोटात कसली आलीया भाकर."

"आबा, मग तुम्ही फोन करायचा ना," राजवर्धन म्हणाला.

"पोटातनं?" विजयसिंहराव म्हणाले. "चेटकिणीला कळाय नगं? बंध हाय न्हवं?"

मला एकाएकी इतकं हलकं वाटलं आणि इतकी लाज वाटली की काय सांगू. या माणसानं मान मागितलाच नव्हता. मी सोडवायला येईन म्हणून तो आठ दिवस अंधारात बसून होता, आणि मी बारामतीत फेट्याचा रंग निवडत होतो.

"बसा," विजयसिंहराव म्हणाले. "हितंच खेळायचं. मला भाईर काढलं तर सोयरीक पक्की. न्हाय काढलं, तर जी चेटकीण आपला बेडूक टाकून जाती तिच्या घरात पोरगं द्यायचं का, त्याचा इचार करावा लागंल."

भावकी खाली बसली. ओसरीवर चटई पडली. श्रेया फासा घेऊन मध्ये बसली आणि मी तिच्याकडं आशेनं पाहिलं. पण पोरगी कडक. स्वतःच्या लग्नाचा प्रश्न असताना तिनं सापाचा एक दातही कमी केला नाही. बेडूक गिळताना सापानं विळखा सोडला, वैदूही शुद्धीवर आलाय, म्हणाली, पण साप खजिन्यावर वेटोळं घालून बसलाय आणि तोंड गच्च मिटलेलं आहे.

स्वरूपानं पदर खोचून कुऱ्हाड चालवली. फासा पडला तीन. कुऱ्हाडीचा दांडा मोडला. राजवर्धननं सापाला ओकारीचं औषध पाजायचं ठरवलं, पण तोंड मिटलेलं असताना पाजणार कुठून. सारजाबाईंनी सापाचा खिसा मारता येईल का विचारलं. सापाला खिसा नाही असं कळल्यावर त्या निराश झाल्या.

"आत हवा संपत आलीया," विजयसिंहराव डोळे मिटून म्हणाले. भावकीतल्या एकानं त्यांना पाणी दिलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. श्रेयाही बघत होती. माझ्याजवळ मंत्र नव्हता, तंत्र नव्हतं. शाल होती, नारळ होता आणि दीपकरावांच्या मापाचा फेटा होता. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं.

"मी सापाचा सत्कार करतो," मी म्हणालो.

"काय करता?" श्रेया म्हणाली.

"जाहीर सत्कार." मी उभा राहिलो. "या विहिरीच्या जडणघडणीत ज्यांचा सिंहाचा वाटा आहे, ज्यांनी शेकडो वर्षं निःस्वार्थपणे खजिना सांभाळला, असे आपले लाडके नागराज यांचा शाल, श्रीफळ व फेटा देऊन सन्मान करण्यात येत आहे."

भावकीनं टाळ्या वाजवल्या. सवयच आहे. श्रेयानं ओठ दाबून हसू आवरलं आणि म्हणाली, "साप सत्कार स्वीकारतो का ते फासा ठरवेल. पंधराच्या वर पाहिजे."

मी फासा टाकला. तो चटईवरून घरंगळत तानूबाईंच्या खाटेखाली गेला. तिघांनी खाली वाकून बघितलं. एकोणीस.

"स्वीकारला," श्रेया म्हणाली. "साप फेटा बांधून बसलाय. पण तोंड मिटलेलंच आहे, बाबा."

"बसेना का," मी म्हणालो. माझ्या अंगात आता वारं भरलं होतं. "सत्काराला उत्तर देताना, मी सन्माननीय नागराजांना विनंती करतो, की त्यांनी आपले दोन शब्द व्यक्त करावेत."

भावकीतून कुणीतरी शिट्टी मारली. श्रेया माझ्याकडं बघतच राहिली. ती इथंच वाढलेली. फेटा बांधल्यावर माइकला नाही म्हणणारा प्राणी या दोन तालुक्यांत तिनं पाहिलेला नव्हता, आणि गोष्ट सांगणाऱ्याला गोष्टीशी प्रामाणिक राहावं लागतं. तिनं हळूहळू मान वर केली, छाती पुढं काढली आणि सापाच्या आवाजात म्हणाली, "खरं म्हणजे मी बोलणार नव्हतो..."

"तोंड उघडलं," सारजाबाई ओरडल्या.

"...पण आपला आग्रह मोडवत नाही. व्यासपीठावरील सर्व मान्यवर..."

"पाव्हणं," विजयसिंहराव दबक्या आवाजात म्हणाले. ते ओसरीच्या अगदी कडेला येऊन बसले होते. डोळे अजून मिटलेले. "हुकूम सोडा."

माझ्या तोंडाशी पुन्हा "आपण" आलं होतं. ते मी गिळलं. समोर व्याही नव्हते, माझा बेडूक होता आणि तो अडकला होता.

"सुभान, मार उडी," मी पोटातून ओरडलो.

आणि विजयसिंहरावांनी उडी मारली. खेळात तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी खरोखरच ओसरीवरून दोन्ही पायांनी उडी मारली आणि ते सरळ माझ्या अंगावर आले. मी मागं कोसळलो, ते माझ्यावर, आणि आम्हा दोघांखाली ती शाल. फासा टाकायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. "भाईर आलो," ते माझ्या कानात ओरडत होते आणि मला गच्च धरून हलवत होते. मीही त्यांना धरलं होतं. आम्ही दोघं हसत होतो की रडत होतो, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

तानूबाई खाटेवरून वाकून बघत म्हणाल्या, "झाली व्याहीभेट. आता तारीख काढा."

श्रेया मात्र अजून सापच होती. डोळे पुसत पुसत ती मान्यवरांची नावं घेत होती. आम्ही खजिन्यासकट विहिरीच्या वर आलो तरी सापाचं भाषण चालूच होतं, असं तिनं नंतर जाहीर केलं, आणि खजिना उचलल्यावर तळाशी एक बंद दरवाजा दिसला असंही.

सारजाबाईंनी उजनीतली चिलापी मासळी तळली. विजयसिंहराव आठ दिवसांचं जेवले. साखरपुडा पुढच्या रविवारी घ्यावा असं राजवर्धन म्हणाला, तर दोन्ही बापांनी एकदम विरोध केला, कारण विहिरीच्या तळाशी जो दरवाजा दिसला होता तो पुढच्या रविवारी उघडायचा होता. शेवटी सकाळी साखरपुडा आणि दुपारी दरवाजा यावर समेट झाला.

निघताना विजयसिंहराव मला गाडीपर्यंत पोचवायला आले. मी दार उघडलं, वळलो, आणि मुलीच्या बापानं निरोप घ्यावा तसा घ्यायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं.

"राम, एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "लग्नात माझ्यापुढं हात जोडून उभा ऱ्हायचं न्हाय. मागल्या टायमाला तू हात जोडलंस, आन् मी गिळला गेलो."

मी बरं म्हणालो आणि वर आलेले हात खिशात घातले.